स्मारकाच्या पायथ्याशी

बेंगळूर या नावाचा आज ज्ञात असलेला सर्वांत जुना लेखी पुरावा राजाच्या प्रशस्तीत नाही, दानपत्रात नाही की प्रवाशाच्या वृत्तान्तातही नाही. तो एका मरणाच्या नोंदीत आहे. शहराच्या दक्षिणेकडील बेगूर या गावी, नागेश्वराच्या देवळाच्या आवारात, इसवी सनाच्या ८९० च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. गंगांचा अधिकारी नागत्तर याच्या घरच्या माणसाला 'बेंगळूरच्या लढाईत' मरण आले, एवढेच तो जुन्या कन्नडमध्ये सांगतो. लढाई कशासाठी झाली, ती कोणी जिंकली, हे त्यात नाही. मरणारा मेला, आणि त्याच्या मरणाच्या निमित्ताने एका गावाचे नाव दगडावर राहून गेले. पुढे त्या नावाचे महानगर झाले. मेलेल्या माणसाचे मात्र त्या महानगराला स्मरण नाही.

ही गोष्ट केवळ बेंगळूरची नव्हे. माणसाने उभारलेल्या बहुतेक मोठ्या वास्तूंच्या मुळाशी मृत्यू आहे. आणि त्या मृत्यूच्या पायथ्याशी, पुष्कळदा, दुसऱ्या कोणाचा तरी मृत्यू आहे. ज्याचे स्मारक उभे राहते तो वर असतो, आणि ज्याच्या जिवावर ते उभे राहते तो खाली असतो. हे 'वर' आणि 'खाली' काही ठिकाणी शब्दशः खरे आहे. त्यातून जो नैतिक प्रश्न उद्भवतो तो पुरातत्त्वाच्या चौकटीत मावणारा नाही. एका माणसाच्या मरणावर दुसऱ्या माणसाचा हक्क असू शकतो काय? आणि तसा हक्क ज्या काळाने मानला, त्या काळाच्या स्मारकांपुढे नंतरच्या माणसाने कोणत्या भावनेने उभे राहावे?

या प्रश्नाचे सर्वांत जुने आणि सर्वांत उघडे रूप इजिप्तमध्ये दिसते. पिरॅमिड म्हटले की गिझाचे तीन सुळके डोळ्यांपुढे येतात. पण इजिप्तच्या राजसमाधींची कथा त्याआधी काही शतके, नाईलच्या पश्चिमेला अबिडोसच्या वाळवंटात सुरू होते. इसवी सनापूर्वी ३००० च्या सुमारास पहिल्या राजवंशाचे राजे तेथे विटांनी बांधलेल्या भूमिगत दालनांत पुरले गेले. १८९९ नंतरच्या दोन वर्षांत फ्लिंडर्स पेट्री याने तेथे उत्खनन केले, तेव्हा राजांच्या दालनांभोवती ओळीने मांडलेल्या लहान लहान कबरी उजेडात आल्या. जेर या राजाच्या समाधीभोवती अशा तीनशेहून अधिक कबरी आहेत. त्याच्या आधीच्या अहा या राजाच्या समाधीपाशी पुरलेली माणसे बहुतेक विशी-पंचविशीतली होती. एवढी तरुण माणसे राजाच्या मरणाच्या मुहूर्तावर आपोआप मरत नाहीत. ती मारली गेली असावीत, किंवा मरणाला तयार केली गेली असावीत, असाच निष्कर्ष बहुसंख्य अभ्यासकांनी काढला आहे. राजाला परलोकात सेवक लागतील, म्हणून सेवकांनी राजाबरोबर जायचे, हा त्यामागचा हिशेब होता.

या कबरींतील एक बाब विशेष विचारात घेण्यासारखी आहे. त्या सर्व निनावी नव्हत्या. पुष्कळांवर ओबडधोबड का होईना, पण स्वतंत्र शिळा होती. तिच्यावर पुरलेल्या व्यक्तीचे नाव होते. राजाच्या करमणुकीसाठी ठेवलेल्या बुटक्या माणसांच्या शिळा तेथे सापडल्या, आणि राजाच्या कुत्र्यांच्याही. ज्यांनी त्यांचे आयुष्य घेतले त्यांनीच त्यांचे नाव राखले. पाच हजार वर्षांपूर्वीच्या हजारो शेतकऱ्यांची, कुंभारांची, नावाड्यांची नावे पुसली गेली. ही नावे उरली, आणि उरली ती केवळ या माणसांना राजापायी मरावे लागले म्हणून. स्मरणाची ही किंमत फार होती असे म्हणावे, तर त्या किमतीखेरीज आज त्यांच्याविषयी हा विचारही करता आला नसता. येथून पुढे प्रत्येक पावलावर हीच अडचण आडवी येते.

इजिप्त दूरचा आहे, त्याचा धर्म मेलेला आहे, म्हणून असल्या प्रथा परक्या आणि रानटी मानून बाजूला सारणे सोपे जाते. तथापि कर्नाटकातील शिलालेख ही सोय ठेवत नाहीत. म्हैसूर जिल्ह्यातील दोड्डहुंडी या गावी नवव्या शतकातील एक शिळा सापडली. तिच्यावर मृत्युशय्येवरील गंग राजा नीतिमार्ग कोरलेला आहे. जवळ त्याचा मुलगा आहे आणि त्याला सावरून बसलेला एक सेवक आहे. सेवकाचे नाव अगरय्य. लेख सांगतो की नीतिमार्ग स्वर्गाला गेला तेव्हा अगरय्य त्याच्याखाली 'कीळ्गुंठे' झाला. 'कीळ्' म्हणजे खालचा आणि 'गुंठे' म्हणजे खड्डा. धन्याच्या देहाखाली सेवकाने पुरून घेणे, असा या शब्दाचा अर्थ अभ्यासक लावतात. अगरय्यासाठी लेखात जो शब्द वापरला आहे त्याचा आशय 'घरचा मुलगा' असा आहे. मराठी वाचकाला या शब्दातली माया आणि त्यातला फास, दोन्ही ओळखीचे वाटावेत. 'आमच्या घरचाच आहे तो,' असे ज्या गड्याविषयी म्हटले जाते त्याच्या वाट्याला घरातले कष्ट येतात, घरातला वाटा येत नाही. येथे तर घराने त्याला आपल्या मरणातही वाटा दिला.

अबिडोस आणि दोड्डहुंडी यांच्यामध्ये सुमारे चार हजार वर्षांचे अंतर आहे आणि एका प्रथेचा दुसरीशी कसलाही ऐतिहासिक संबंध नाही. तरीही दोन्हीकडे एकच कल्पना स्वतंत्रपणे उगवावी, हे विचार करायला लावणारे आहे. कदाचित ती कल्पना कोणत्याही एका धर्माची नसून सत्तेच्या स्वभावातच असावी. सत्तेला सर्वांत जास्त बोचते ती मृत्यूतली समानता. राजाही एकटाच मरतो आणि गडीही एकटाच मरतो. तेव्हा निदान राजाने एकटे मरू नये, एवढी व्यवस्था सत्ता करू पाहते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. अबिडोसच्या सेवकांना कोणी विचारले नव्हते. अगरय्य मात्र स्वेच्छेने गेला असेल. दक्षिणेतील शिलालेख अशा मरणाचे वर्णन सक्तीचे म्हणून करीत नाहीत, निष्ठेचे म्हणून करतात. हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिराच्या परिसरात एक स्तंभ आहे. होयसळ राजा दुसरा बल्लाळ १२२० मध्ये वारला, त्यानंतर त्याचा सेनानी कुवर लक्ष्म, त्याची पत्नी आणि त्यांचे अनुयायी यांनी आत्मार्पण केले, असे त्यावरील लेख सांगतो. स्तंभावर स्वतःच्या हाताने स्वतःचे मस्तक छेदणारे वीर कोरलेले आहेत. त्यांच्या चेहऱ्यांवर भीती नाही. धन्याबरोबर जगायचे आणि धन्याबरोबर मरायचे ही त्यांची शपथ होती, आणि त्यांनी ती पाळली. दिलेला शब्द पाळणाऱ्या माणसाला आठशे वर्षांनंतर कोणी 'तू फसवला गेलास' असे सांगावे, यात त्याचा उपमर्द नाही काय?

आक्षेपाचे बळ मान्य करूनही शपथेच्या मुळाकडे पाहावे लागते. कन्नड शिलालेखांत निष्ठेच्या ऋणासाठी दोन शब्द येतात: 'जोळवाळी' आणि 'वेळेवाळी'. जोळ म्हणजे जोंधळा. ज्याचा जोंधळा खाल्ला त्याच्या उपकाराची फेड, ती जोळवाळी; आणि वेळ येताच प्राण देण्याचे वचन, ती वेळेवाळी. मराठीत खाल्ल्या मिठाला जागण्याची भाषा आहे. कन्नडने मिठाऐवजी भाकरीचा हिशेब ठेवला, एवढाच फरक. दोन्ही भाषांतील हा वाक्प्रचार मूलतः सुंदर आहे, कारण कृतज्ञतेखेरीज समाज उभा राहत नाही. पण त्यात एक चूक दडलेली आहे. भाकरी सेवकाला फुकट मिळालेली नव्हती; ती त्याच्या चाकरीचा मोबदला होती. चाकरी झाली, भाकरी मिळाली, हिशेब मिटला. मग प्राणांची बाकी निघाली कोठून? ज्या व्यवहारात एका बाजूची देणी दर संध्याकाळी फिटतात आणि दुसऱ्या बाजूची कधीच फिटत नाहीत, त्याला ऋण म्हणत नाहीत. त्याला मालकी म्हणतात. मालकीचे नाव ऋण असे ठेवले म्हणजे सेवक ती आनंदाने पाळतो, इतकेच.

या कसोटीवर गिझा येथील पिरॅमिड घासून पाहिले तर निकाल लोकसमजुतीच्या उलट लागतो. हेरोडोटसने खुफूच्या पिरॅमिडसाठी एक लाख माणसे तुकड्यातुकड्यांनी वीस वर्षे राबल्याची कथा लिहिली आणि पुढे गुलामांच्या पाठीवरील आसूड हे पिरॅमिडचे कायमचे चित्र झाले. खुफूचा पिरॅमिड मूळचा सुमारे १४६ मीटर उंच होता. त्यातील चिऱ्यांची संख्या २३ लाखांच्या आसपास मानली जाते. आसुडाशिवाय इतके काम होणार नाही, असे वाटणे साहजिक होते. पण विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत गिझाच्या पठाराच्या दक्षिणेला मार्क लेहनर आणि झाही हवास यांच्या पथकांनी कामकऱ्यांची वस्ती व त्यांच्या कबरी उजेडात आणल्या. त्या वस्तीत रोटी भाजण्याच्या भट्ट्या आणि गुराढोरांच्या हाडांचे ढीग होते. कबरींतील सांगाड्यांवर मोडून पुन्हा नीट सांधलेली हाडे होती. म्हणजे जखमी मजुरावर उपचार झाले होते. टोळ्यांनी दगडांवर आपली नावे लिहून ठेवली होती, 'खुफूचे मित्र' अशी. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे पिएर ताले यांच्या पथकाला पपायरसचे तुकडे सापडले; त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. तुरा येथील चुनखडीचे चिरे होडीतून गिझाला कसे नेले, कोणत्या दिवशी मुक्काम कोठे पडला, हे तो नोंदवतो. जगातील सर्वांत मोठ्या समाधीविषयी तिच्या बांधकामात राबलेल्या माणसाच्या हातचे हे लिखाण आहे, आणि त्यात भव्यतेविषयी एक अक्षर नाही. त्यात कामाची खेप आहे.

याचा अर्थ गिझा निष्पाप आहे असा नव्हे. राजाज्ञेने बोलावलेला मजूर 'नाही' म्हणू शकत होता असे समजणे भोळेपणाचे ठरेल. एका माणसाच्या अमरत्वासाठी साऱ्या देशाचे कष्ट खर्ची पडावेत की नाही, हा प्रश्नही शिल्लक राहतोच. पण एक फरक मूलभूत आहे. अबिडोसच्या राजाने सेवकाचे मरण घेतले, गिझाच्या राजाने त्याचे श्रम घेतले. दुसऱ्या राजवंशाच्या आरंभीच सेवकांना राजाबरोबर पुरण्याची चाल थांबली. पुढच्या काळात समाध्यांत जिवंत सेवकांच्या जागी त्यांच्या प्रतिमा आल्या: जात्यावर दळणारी बाई, रोटी भाजणारा, मद्य गाळणारा. या बदलाचे कारण काटकसर असेल, धर्मविचार असेल किंवा लाज असेल. त्याची नोंद कोणी ठेवलेली नाही. पण केव्हातरी एका राजघराण्याच्या लक्षात आले की सेवकाच्या जागी सेवकाचे चित्र चालते. मानवी इतिहासातील थोर शोधांत याची गणना होत नाही. व्हायला हवी होती.

मग अगरय्याच्या आणि कुवर लक्ष्माच्या स्वेच्छेचे मोल कसे ठरवावे? मरणाऱ्याच्या मनात डोकावण्याचा मार्ग नाही. तेथे भक्ती होती की भय, हे कोणताही शिलालेख सांगू शकत नाही. म्हणून स्वेच्छेची परीक्षा मरणाऱ्याच्या मनात न घेता त्याच्या भोवतालच्या माणसांत घ्यावी लागते. विचारायचा प्रश्न असा: ज्यांच्या शब्दाला वजन होते त्यांच्यापैकी कोणी त्याला 'जग' असे म्हटले होते काय?

या प्रश्नाचा अर्थ एका मराठी प्रसंगाने जितका स्पष्ट होतो तितका तर्काने होत नाही, आणि तो प्रसंगही बेंगळूरच्या जहागीरदाराच्या मृत्यूशी जोडलेला आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने बेंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांकडे आले. मराठ्यांच्या इतिहासातील कितीतरी धागे या शहरात विणले गेले. मल्लेश्वरम येथील काडू मल्लेश्वराच्या देवळाला व्यंकोजीराजांनी १६६९ मध्ये दिलेल्या दानाचा शिलालेख आजही तेथे आहे. शहाजीराजांचा मृत्यू २३ जानेवारी १६६४ रोजी चन्नगिरीजवळ होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून झाला. त्यांची समाधी तेथेच आहे. दोन पातशाह्यांना हाताळणाऱ्या आणि दोन राज्यांच्या संस्थापकांना जन्म देणाऱ्या या पुरुषाची समाधी एका लहान गावातील साधे बांधकाम आहे. वार्ता राजगडावर पोचली तेव्हा जिजाबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला, असे बखरी सांगतात. काळाची रीत त्यांच्या बाजूची होती. कोणी सक्ती केली नव्हती. तो निश्चय स्वेच्छेचाच म्हणावा लागेल. आणि तरी शिवाजीराजांनी मातेला परोपरीने विनवून त्या निश्चयापासून परावृत्त केले. तुमच्यामागे आम्हांस कोण, अशा अर्थाची ती विनवणी होती. जिजाबाई पुढे दहा वर्षे जगल्या. मुलाचा राज्याभिषेक त्यांनी डोळ्यांनी पाहिला.

या प्रसंगाचे मोल भावनेत नाही, रचनेत आहे. जी 'स्वेच्छा' अटळ वाटत होती ती एका माणसाच्या 'जगा' या शब्दाने बदलली. म्हणजे ती स्वेच्छा मुळात एकट्या व्यक्तीची नव्हतीच. भोवतालच्या मौनातून ती घडत होती. मौन मोडले तेव्हा ती विरघळली. त्याच घरात १६८० मध्ये शिवाजीराजे वारले आणि काही आठवड्यांनी पुतळाबाई सती गेल्या. त्यांना थांबवणारा शब्द त्या वेळी उच्चारला गेला नसावा, किंवा त्या शब्दामागे पुरेसे वजन नसावे. दोन स्त्रियांच्या निष्ठेत उणेअधिक नव्हते. फरक पडला तो थांबवणाऱ्या माणसाने. दोड्डहुंडीच्या शिळेवर मृत्युशय्येपाशी राजपुत्र आहे. त्याने पुढे होऊन अगरय्याला 'माझ्यासाठी राहा' असे म्हटले असते, तर ती शिळा वेगळी घडली असती. शिळेवरचा राजपुत्र गप्प आहे.

बेंगळूरच्या लोककथेतही हेच मौन आहे. केंपेगौडाने शहराचा किल्ला बांधायला घेतला तेव्हा एक वेस उभी राहीना; रात्रीत ती कोसळे. गर्भवती स्त्रीचा बळी दिल्यावाचून ती टिकणार नाही, असे सांगण्यात आले. वडीलधाऱ्यांची चिंता जाणून सून लक्ष्मम्मा रात्री एकटी वेशीपाशी गेली आणि तिने आपला शिरच्छेद करून घेतला. कोरमंगल येथे तिची म्हणून दाखवली जाणारी समाधी आहे. या कथेला इतिहासाचा आधार नाही. पण कथा ज्या काळजीने रचली आहे ती पाहण्यासारखी आहे. तिला कोणी नेले असे कथा म्हणत नाही. ती आपण होऊन गेली, असे म्हणते. महाराष्ट्रात पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाविषयी, आणि अनेक किल्ल्यांच्या बुरुजांविषयी, जिवंत गाडलेल्या माणसांच्या अशाच कथा आहेत. तेथेही बळीची संमती कोठेतरी जोडलेली असते. बळी गेलेल्या माणसाच्या संमतीची बांधणाऱ्याला गरज का भासावी? कारण त्याला ठाऊक असते की संमतीवाचून ती वेस म्हणजे हत्या आहे. लोककथा न्यायाधीशासारखा निर्णय देत नाही. आरोपीच्या चेहऱ्यावरची अस्वस्थता मात्र ती टिपून ठेवते.

आता उरतो दुसरा प्रश्न: अशा स्मारकांपुढे नंतरच्या माणसाने कसे उभे राहावे? दोन उत्तरे सहज सुचतात आणि दोन्ही अपुरी आहेत. पहिले उत्तर गौरवाचे. त्याग थोर, निष्ठा थोर, म्हणून शिळेला शेंदूर लावावा आणि पोवाडा गावा. या उत्तरात मेलेल्याचा सन्मान होतो, पण ज्या मागणीने त्याचा जीव घेतला तिचाही सन्मान होतो; आणि पुढच्या पिढीतला कोणी धनी तीच मागणी पुन्हा करायला मोकळा राहतो. दुसरे उत्तर धिक्काराचे. ती सारी क्रूर काळाची चिन्हे आहेत, त्यांचे विसर्जनच बरे. या उत्तरात मागणीचा निषेध होतो, पण मेलेला माणूस दुसऱ्यांदा मरतो. अगरय्याचे नाव त्या शिळेखेरीज जगात कोठेही नाही.

बेंगळूरच्या शासकीय संग्रहालयात आतकूर येथून आणलेली एक शिळा आहे. तीवर राष्ट्रकूट तिसरा कृष्ण आणि चोळ यांच्यातील तक्कोलमच्या युद्धाची, म्हणजे इसवी सन ९४९ च्या सुमाराची हकिगत आहे. पण शिळा उभारली आहे ती काळी नावाच्या एका शिकारी कुत्र्यासाठी. युद्धातील पराक्रमाबद्दल काय हवे ते माग, असे गंग बूतुगाने मणलेर या वीराला सांगितले, तेव्हा त्याने हा कुत्रा मागितला. पुढे काळी आणि एक रानडुक्कर झुंजून दोघेही मेले. मणलेराने कुत्र्यासाठी देवळापुढे शिळा उभी केली, तिच्या पूजेसाठी जमीन तोडून दिली, आणि पूजा न करता जेवणाऱ्या पुजाऱ्याला पाप लागेल असे बजावले. राजांच्या युद्धाची हकिगत कुत्र्याच्या स्मारकाच्या निमित्ताने वाचायला मिळते. या शिळेपुढे मन निर्धास्त होते, कारण कुत्र्याकडून निष्ठेची कबुली कोणी लिहून घेतलेली नाही, आणि त्याच्या मरणाने कोणाच्या मोठेपणात भर घातलेली नाही. धन्याला त्याच्या जाण्याचे दुःख झाले, एवढेच तिथे आहे. स्मारकाला याहून अधिक काही लागत नाही.

यातून एक भेद हाती लागतो. काही स्मारके मृत्यूवर दावा सांगतात. काही मृत्यूची साक्ष देतात. दावा सांगणारे स्मारक म्हणते, 'हा माझ्यासाठी मेला.' साक्ष देणारे म्हणते, 'हा होता, आणि असा मेला.' एकाच दगडात हे दोन्ही आवाज असू शकतात, आणि वीरगळांत ते बहुधा असतातच. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत देवाची पूजा, माथ्यावर चंद्र आणि सूर्य, ही वीरगळाची मांडणी महाराष्ट्रात आणि कर्नाटकात सारखीच आहे. वरच्या चौकटी दावा करतात: मरण सार्थकी लागले, असे त्या सांगतात. खालची चौकट साक्ष देते: येथे माणसाच्या अंगात बाण घुसला. स्वर्गाच्या चौकटीकडे पाहून खालची चौकट विसरली जाऊ नये, एवढी दक्षता वाचणाऱ्याने घ्यायची असते. बेगूरच्याच एका लेखात नागत्तराची कन्या तोंडब्बे हिच्या सल्लेखनेने आलेल्या मरणाची नोंद आहे. ते मरणही स्वतः पत्करलेले होते, पण तिथे तिच्या मरणाचा धनी दुसरा कोणी नव्हता. वरवर सारख्या दिसणाऱ्या मरणांत हा फरक करता येणे, यालाच वाचन म्हणायचे.

साक्षीला एक गोष्ट लागते: ऐकणारा. प्राचीन इजिप्शियन समाध्यांच्या भिंतींवर वाटसरूंना विनंती लिहिलेली असे, की जाताजाता मृताच्या नावाने रोटीचा आणि मद्याचा उच्चार करा, नुसत्या शब्दांनीही त्याला अन्न मिळेल. राजांनी समाधिमंदिरांना गावे नेमून दिली, पुजारी नेमले. ती गावे गेली, पुजारी गेले, आणि अखेर वाटसरूचा शब्द तेवढा उरला. बेंगळूरचेही तसेच झाले. ज्याने शहर वसवले त्या केंपेगौडाचा मृत्यू १५६९ मध्ये झाला. मागडी तालुक्यातील केंपापूर येथील त्याच्या समाधीची ओळख पटायला २०१५ साल उजाडावे लागले. २०२२ मध्ये देवनहळ्ळीच्या विमानतळावर त्याचा १०८ फूट उंचीचा पुतळा उभा राहिला. २०१८ मध्ये हेब्बाळ येथे गटाराच्या कामात एक शिळा वर आली. ती गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातील, इसवी सनाच्या ७५० च्या सुमाराची असून लढताना पडलेल्या कित्तय्य नावाच्या माणसाची आहे. रहिवाशांच्या आणि अभ्यासकांच्या पुढाकाराने ती राखली गेली. कित्तय्य राजा नव्हता. त्याचे घराणे उरले नाही, त्याची जात कोणाला ठाऊक नाही, त्याच्या नावाने कोणाला मत मिळणार नाही. ज्याच्यापासून काही मिळवायचे नाही अशा मृताचे नाव जपणे, हे स्मरणाचे सर्वांत शुद्ध रूप मानायला हरकत नाही.

या विचाराचा शेवट भूतकाळात होत नाही. ज्या शहराचे नाव एका सेवकाच्या घरातल्या मरणामुळे दगडावर आले, त्या शहरात आज दिवसरात्र बांधकाम चालू आहे. परात डोक्यावर घेऊन जिना नसलेल्या मजल्यावर चढणारी माणसे रायचूर-कलबुर्गीकडून येतात, ओडिशा-बिहारमधून येतात. इमारत पुरी झाली की तिच्या दर्शनी भागावर बांधणाऱ्या कंपनीचे नाव लागते. परांचीवरून पडलेल्या माणसाचे नाव लागत नाही. त्याला पिरॅमिडच्या मजुराइतकी कबरही पठारावर मिळत नाही. मेरेरची रोजनिशी साडेचार हजार वर्षे टिकली. या माणसांची हजेरीवही काम संपताच रद्दीत जाते. कोणी म्हणेल, आता कोणाला पायाखाली गाडत नाहीत, हीच प्रगती. ती प्रगती आहेच; अबिडोसपासून गिझापर्यंतचे अंतर खोटे नाही. पण खालच्या खड्ड्यातील माणूस वर आला की नाही, हे वरच्या इमारतीकडे पाहून ठरत नसते.

अगरय्याच्या शिळेपुढे उभे राहणाऱ्याने म्हणून हात जोडावेत की नाही, हा दुय्यम प्रश्न आहे. त्याने आधी त्याचे नाव वाचावे, मग शेजारच्या राजपुत्राकडे पाहावे, आणि जो शब्द तिथे उच्चारला गेला नाही तो शब्द मनाशी तरी उच्चारावा. नवव्या शतकातील त्या सेवकाला आता त्याचा उपयोग नाही. पण 'घरचा मुलगा' म्हणवून घेत कोणाच्या तरी घरात, कारखान्यात, परांचीवर आज जो उभा आहे, त्याच्यासाठी तो शब्द उच्चारायला अजून वेळ गेलेली नाही.